वाकडी टिचकी

बाय जेवायला उशीर करायला लागली, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

माणसाने जेवणावरून नखरे केले तर मी समजू शकते. माझा अर्धा जन्म म्हशींच्या आणि आंबेवाल्यांच्या लाडावलेल्या कुत्र्यांच्या नखऱ्यांत गेला आहे. पण बाय म्हणजे डॉल्फिन, आमच्या देवगड बाजूला गादा म्हणतात ती. भूक लागली की खायचं, एवढाच तिचा कारभार. आणि इथे मी ताज्या बांगड्यांची बादली घेऊन टाकीच्या काठावर तिष्ठत उभी, तर ही पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून स्वस्थ. हाका मारा, पाणी बडवा, ढिम्म. मग मनाला येईल तेव्हा वळायची आणि जणू आपणच उशीर केलाय अशा थाटात येऊन खायची. रोज हेच. मी जाम वैतागले होते.

मी डॉ. हेमांगी कोयंडे. खाडीच्या तोंडाशी 'नीलकुंड' नावाचं सागरी प्राण्यांचं केंद्र होतं, तिथली पशुवैद्य. बायला जाळ्यात अडकून शेपटी फाटलेल्या अवस्थेत आणलं होतं. मी तिला टाके घातले, औषधं दिली, शेपटी बरी झाली. बरा झालेला प्राणी समुद्रात सोडायचा, असा कायदा आहे. बायलाही सोडायचंच होतं. पण तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाने अथांग बनवलं आणि कायद्यालाच प्रश्न पडला.

सिद्धेश माझ्याहून बराच लहान. बाबा होडी घेऊन गेले ते परत आले नाहीत, तेव्हा तो दुसरीत होता. पुढे त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. लहानपणी घरातला रेडिओ उघडून ठेवायचा आणि मग तो त्याला परत जोडता यायचा नाही. आता असली यंत्रं बनवतो की दिल्लीहून माणसं बघायला येतात.

अथांग काय आहे ते सांगते, मला कळलं तसं. गादा कानाने बघते. खाडीचं पाणी गढूळ, डोळ्यांचा उपयोग शून्य. म्हणून ती तोंडासमोर एकामागून एक टिचक्या मारते. बोटांनी आपण वाजवतो तशाच, फक्त इतक्या चिरक्या की आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. टिचकी जाते, कशावर तरी आपटते, परत येते. परत आलेल्या आवाजावरून तिला कळतं की समोर खडक आहे, बांगड्यांचा थवा आहे की नुसतं मोकळं पाणी. टाकीत ठेवलं की हेच तिच्या मुळावर येतं. जिकडे टिचकी मारावी तिकडून भिंत ओरडते. चारी बाजूंनी तोंडावर दार आपटल्यासारखं, दिवसभर.

सिद्धेशने टाकीच्या भिंतींना आतून पातळ पत्रे लावले. बायची टिचकी आली की पत्रा उलटा आवाज काढून भिंतीचा प्रतिध्वनी जागीच मारून टाकायचा आणि त्याऐवजी तिला खऱ्या समुद्राचा प्रतिध्वनी पाठवायचा. आमच्याच किनाऱ्याचा, आधी नोंदवून आणलेला. ती फार जवळ आली की यंत्र तिला खडक ऐकवायचं, म्हणजे ती आपण होऊन वळायची. टाकीत प्रवाह खेळता असल्यामुळे पोहत राहिलं की आपण मैलोगणती चाललोय असं तिला वाटणार. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचं, त्यामुळे टिचकी येईपर्यंत थांबून भागत नाही. बायच्या टिचक्यांना एक ठेका असतो. त्या ठेक्यावरून पुढची टिचकी कधी आणि कशी येणार ते यंत्र आधीच ओळखून तयार राहतं.

अथांग पहिल्यांदा चालू केलं तो दिवस मी विसरणार नाही. रोज गोल गोल फिरणारी बाय एकदम थांबली. मग सरळ निघाली, कधी नव्हे ती सरळ. गॅलरीतल्या मोठ्या पडद्यावर तिला काय ऐकू येतंय त्याचं चित्र उमटत होतं. वाळूचे पट्टे, बुडालेले खडक, माशांचा थवा उलगडतोय आणि मिटतोय. इतकी वर्षं या समुद्राच्या काठावर राहून मी तो कधी असा बघितला नव्हता. माझ्या डोळ्यांना धार लागली. सिद्धेश कोपऱ्यात उभा राहून नखं खात होता. मी जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, चारचौघांत.

महिन्याभरात बायच्या रक्तातला ताण समुद्रातल्या गादांइतका खाली आला. तपासणी मीच केली होती, त्यात काही लबाडी नव्हती. मग 'नीलकुंड'चे व्यवस्थापक राजवाडे यांनी सरकारकडे मागणी केली की ज्या प्राण्याला कैद जाणवत नाही तो कैदी कसला, तेव्हा बायला कायमची ठेवू द्या आणि आणखी प्राणी आणू द्या. परदेशातल्या मोठ्या मत्स्यालयांनी रांग लावली. एकाला तर देवमासा ठेवायचा होता. देवमाशाच्या चौपट लांब टाकी आणि कानात अख्खा महासागर, म्हणजे झालं. सगळ्यांचे डोळे बायकडे लागले होते. सरकारने समिती नेमली आणि समिती आम्हाला विचारणार होती एकच गोष्ट, बायला हे खरं वाटतं ना?

आणि नेमकी तेव्हाच बाय जेवायला उशीर करायला लागली.

शेवटी एका सकाळी मी सिद्धेशला ओढत टाकीवर आणलं आणि म्हटलं, ही भिंतीशी काय गप्पा मारते ते मला ऐकव. त्याने टिचक्या पकडल्या, संथ केल्या, खर्जात उतरवल्या. टक, टक, टक, टक, एकसारखा ठेका. मग मध्येच एक टिचकी वेगळी आली. जरा आधी, जरा तिरकी, ठेका मोडून. पुन्हा सरळ टिचक्या आणि पुन्हा एक वाकडी.

सिद्धेश म्हणाला, ही चूक त्याला ठाऊक आहे. यंत्र अधूनमधून अडखळतं, एक टिचकी ओळखायची राहून जाते आणि तेवढ्या क्षणापुरता भिंतीचा खरा प्रतिध्वनी सुटतो. गेले कित्येक महिने तो ही चूक सुधारत होता. सुधारली की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा तीच रड. बोलता बोलता त्याला काहीतरी खटकलं. त्याचं तोंड उतरलं. त्याने जुने आवाज काढले, एकामागून एक लावले आणि मग मलाही कळलं.

यंत्र अडखळत नव्हतं. बाय त्याला अडखळवत होती. यंत्राला ठेक्याची सवय लावायची आणि त्याचा अंदाज पक्का झाला की शेवटच्या क्षणी टिचकी वाकडी मारायची. खडकाच्या आवाजाला चीर पडते, त्या चिरेतून तिला मागची गुळगुळीत भिंत ऐकू येते. सिद्धेश नवी सुधारणा करायचा, की ही नवी वाकडी टिचकी शोधायची. माझ्या भावाने आयुष्यात केलेलं सगळ्यात हुशार यंत्र, आणि एक गादा महिनोन्महिने त्याची परीक्षा घेत होती. रोज भिंत सापडली की मगच जेवायला यायची.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात जाऊनही मला कधी असं झालं नव्हतं. आम्ही दोघं काठावर ओल्या फरशीत बसून राहिलो. खाली पाण्यात ती होती, बांगड्यांची वाट बघत.

मुळात तिला संशय आला कशाने, हा प्रश्न सिद्धेशला छळत होता. त्याचं उत्तर आमच्याच घरात होतं. समुद्र नोंदवायला तो गेला शिमग्यात. होड्यांच्या इंजिनांचा आवाज नको म्हणून. शिमग्यात आमचा मासेमार गाबीत समाज पालखी नाचवायला घरी असतो, झाडून सगळ्या होड्या किनाऱ्याला. समुद्र कसा शांत. आणि आमच्या खाडीतल्या गादा तर होड्यांच्या मागे मागे फिरणाऱ्या. जाळं ओढलं की सुटलेली मासळी त्यांची. बायला आम्ही असा समुद्र दिला की जिथे बारा महिने शिमगा आणि होडी म्हणून येत नाही. ती काय खुळी होती विश्वास ठेवायला?

सिद्धेशने दोन दिवसांत उपाय काढला. इंजिनांचे आवाज घालायचे हे तर झालंच. शिवाय बायच्या कपाळाच्या कातडीखाली तांदळाएवढा एक तुकडा बसवायचा. टिचकी मारायच्या आधी तिथले स्नायू हलतात, ते तो तुकडा ओळखणार आणि यंत्राला कळवणार. मग टिचकी कितीही वाकडी असू दे, चीर पडणार नाही. तिला भिंत पुन्हा कधी सापडणार नाही. समिती यायच्या आत हे व्हायला हवं होतं आणि ते करणारा हात माझा हवा होता.

मी नाही म्हटलं. सिद्धेश चिडला, मग अजीजीवर आला. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हेच तर वाईट. भिंत खरी असली म्हणून तिला डोक्यावर घेऊन नाचायचं का, असं तो म्हणाला. आपण तिला दुःख देत नाही, समुद्र देतोय. आम्ही घरात मालवणीत बोलतो. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, आवशीक आपण काय सांगत होतो? बाबा येतले म्हणान."

आईचं शेवटी डोकं फिरलं होतं. बाबा कधी येणार म्हणून विचारायची. आम्ही म्हणायचो, येतील. त्यावर ती शांत व्हायची, जेवायची. सिद्धेशला आठवलं ते इतकंच. मी त्याला पुढचं सांगितलं.

"आणि ती मागल्या दारान शेजारच्या काकीक जावन इचारी होती. मगे वाडीतल्या पोरांका. सगळ्यांका येगळा येगळा करून इचारी होती. ती शांत नाय होती रे सिद्धू. ती आपल्याक पकडूक बघी होती."

 तो उठून बाहेर गेला आणि त्या दिवशी जेवायलाही आला नाही.

समिती आली. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश वासंती गद्रे, कमी बोलणाऱ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी रक्ताचे आकडे विचारले, मी खरे सांगितले. ताण आहे का म्हणाल्या, मी म्हटलं नाही. राजवाडे खूश. मग मी म्हटलं, पण तिला माहीत आहे. रोज ती भिंत शोधते आणि शोधून काढते.  राजवाडे हसत म्हणाले की डॉक्टरांचा जीव गुंतलाय, यंत्रात एक बारीकशी चूक आहे, ती आता दूर होईल. गद्रेबाईंनी सिद्धेशकडे बघितलं आणि विचारलं, चूक आहे का?

त्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी सगळं त्याचं होतं. नाव, पैसा, जगभरातल्या टाक्या.  त्याऐवजी त्याने संथ केलेल्या टिचक्या लावल्या. टक, टक, टक आणि ती वाकडी. एक सुधारणा, नवी वाकडी. दुसरी सुधारणा, आणखी नवी. समितीतला एक तरुण शास्त्रज्ञ खुर्चीतून अर्धवट उठलाच.

"चूक नाही," सिद्धेश म्हणाला. "माझ्या यंत्रावर ती अभ्यास करतेय."

राजवाडे सहजासहजी हरणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, अभ्यास करते ना, मग तिलाच ठरवू द्या. टाकीचं कालव्यातून समुद्राकडे जाणारं दार उघडू, पुढच्या भरतीपर्यंत उघडंच ठेवू. आत नेहमीसारखे बांगडे टाकू. आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या शेपटीने परत आली तर तिने निवड केली असं समजा. समितीला ते पटलं. मला मात्र ती परत येईल अशीच भीती होती. दोन पावसाळे आयतं खाल्लेली ती, आणि बाहेरचा समुद्र आतल्यासारखाच ऐकू येणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. मी आणि सिद्धेश लहान होडी वल्हवत बाहेर थांबलो, पाण्यात टिचक्या खर्जात उतरवून ऐकवणारं यंत्र सोडून. बाय बाहेर आली. कालव्याच्या तोंडाशी थांबली. सिद्धेशने कानाला लावलेल्या हेडफोनची एक बाजू मला दिली. टक, टक, टक आणि वाकडी. समोर भिंत नव्हती. तिने पुन्हा मारली. दुसरीकडे वळली, तिथे मारली. वाकडीतल्या किती तऱ्हा तिला येत होत्या, देव जाणे. समुद्र कुठल्याच टिचकीला फसत नव्हता.

सिद्धेशने माझा दंड धरला. 

"तिका वाटता, मिया यंत्र सुधारलंय."

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. आजवर चीर सापडेनाशी झाली, की त्याचा अर्थ एकच असायचा, सिद्धेशने नवी सुधारणा केलीय. खरा समुद्र तिला कसा ओळखू येणार? जे यंत्र कधीच चुकत नाही ते आणि खरा समुद्र, दोन्ही ऐकायला एकच. आम्ही तिला परत दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तिला आमची नवी लबाडी वाटत होती. तिला सांगायचं तरी कसं? सिद्धेश रडत होता, उघड, पोरासारखा.

बाय वळली आणि दाराकडे निघाली. काठावर राजवाडे उठून उभे राहिले. मी मनात रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, जे मी कधी घालत नाही. दाराच्या सिमेंटच्या खांबासमोर ती थांबली, वाकडी टिचकी मारली. भिंत. समुद्राकडे फिरली, तीच टिचकी. काही नाही. पुन्हा खांब, पुन्हा समुद्र. किती वेळा ते मोजण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. ती घाबरली नव्हती. दोन्ही पारखून बघत होती, सोनार बघतो तशी. मग खांबाकडे पाठ करून निघाली, किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला, दर थोड्या अंतरावर टिचकी मारत. भरती आली आणि ओसरली. टाकीतले बांगडे तसेच राहिले.

परवानगी नाकारली गेली. 'नीलकुंड' बंद झालं, परदेशातली रांग पांगली. सिद्धेशने अथांग खोक्यांत भरलं आणि माझ्या घरी येऊन राहिला. मी पुन्हा म्हशींकडे गेले. जिंकलो म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत. बायचं काय झालं हा एकच घोर दोघांना. भिंत शोधत शोधत ती कुठे गेली, हे तो गावातल्या होडीवाल्यांच्या हाती ऐकायची यंत्रं देऊन शोधत राहिला. कधी विजयदुर्गाजवळ ती वाकडी टिचकी ऐकू यायची, कधी पूर्णगडला. म्हणजे जिवंत होती. म्हणजे अजून तिला खात्री पटलेली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात ती परत आमच्या किनाऱ्याला आली. कुणकेश्वरच्या समोर, ऊन वर आलेलं. शेपटीवरच्या माझ्या टाक्यांची खूण मी लांबूनच ओळखली. एकटी नव्हती. सोबत चार-पाच गादा होत्या आणि एकीच्या कुशीला बिलगून नुकतं जन्मलेलं पिल्लू, आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या अंगावरच्या घड्यासुद्धा गेल्या नव्हत्या. मला इतका आनंद झाला की मी होडीत उभीच राहिले आणि सिद्धेशने मला खाली ओढलं.

त्याने ऐकायचं यंत्र कानाला लावलं. ऐकत राहिला. त्याचा चेहरा मला वाचता येईना. मग त्याने ते काढून माझ्या कानांना लावलं.

टक, टक, टक आणि वाकडी. ती बाय असेल. पण लगेच दुसरीकडून आली, जाडसर आवाजाची. मग तिसरी. सगळा कळप वाकडी टिचकी मारत होता. जाळ्यात सापडलेली, टाके घातलेली फक्त बाय. बाकीच्यांनी कधी टाकी बघितली नाही, कधी आमच्या हातचा बांगडा खाल्ला नाही. ती त्यांना जाऊन मिळाली आणि आपल्याला जे कळलं ते तिने त्यांना शिकवलं, की जे ऐकू येतं ते तपासून घ्यावं. गादा एकमेकींना शिकवतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या पाण्यावर बसून ते ऐकताना माझे हात जोडले गेले आणि त्याच वेळी लाजेने जीव अर्धा झाला.

आणि त्या सगळ्यांच्या खाली, बारीक, अडखळत, अजून ठेकाही धड न जमलेली एक टिचकी. टक. टक. मग एक वाकडी.

"ह्याना भिंत कधी बघल्यानच नाय, ताई," सिद्धेश म्हणाला.

मी मान हलवली.  चहूकडे, नजर जाईल तिथपर्यंत, मोकळं पाणी होतं. पिल्लू आईच्या पोटाखालून बाहेर येऊन एकेका दिशेला टिचकी मारून विचारत होतं, आणि समुद्र त्याला पुन्हा पुन्हा खरं सांगत होता.